नट किती आवळायचा?

वायवामधला सर्वांत सोपा प्रश्न कोणता? "टॉर्क म्हणजे काय?" उत्तर तोंडपाठ असतं : "सर, फोर्स इनटू परपेंडिक्युलर डिस्टन्स." एक्स्टर्नल मान डोलावतात आणि आपण सुटतो. पण समजा, त्यांनी बेंचवरचा एखादा जोड दाखवून विचारलं, "हा नट किती आवळायचा?" तर? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं : "सर, टाईट होईपर्यंत." एखादा हुशार गडी म्हणेल, "सर, पन्नास न्यूटन-मीटर." पहिलं उत्तर चूक आणि दुसरं अर्धवट!

कारण गंमत अशी आहे की नट आवळताना आपण मोजतो टॉर्क, पण आपल्याला हवा असतो बोल्टमधला ताण. ताण म्हणजे बोल्टला लांबीच्या दिशेने ओढणारं बल. मशीन डिझाइनच्या पुस्तकात यालाच प्रीलोड म्हणतात. टॉर्क आणि ताण या दोघांच्या मध्ये एक तिसरा इसम ठाण मांडून बसलेला असतो, त्याचं नाव घर्षण. हा इसम किती खातो ते कळलं की नट-बोल्टचं निम्मं शास्त्र कळलं म्हणून समजा.

उदाहरण म्हणून आपण एकच बोल्ट घेऊ आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहू : एम१०, दीड मिलिमीटर पिचचा, डोक्यावर ८.८ लिहिलेला. ८.८ मधला पहिला आकडा सांगतो की तुटण्याची ताकद सुमारे ८०० मेगापास्कल, आणि दुसरा सांगतो की त्याच्या ०.८ पट म्हणजे ६४० ला तो कायमचा लांबायला लागेल.

हाताकडचा हिशोब

एम१० च्या नटाला आपल्याकडे १७ चा पाना लागतो (नव्या आयएसओ मापात १६ चा). पान्याची लांबी साधारण २० सेंटिमीटर धरू. टोकाला धरून आपण ओढतो तेव्हा हात नटाभोवती एका वर्तुळावर फिरतो. त्या वर्तुळाच्या स्पर्शरेषेच्या दिशेने जे बल लागतं ते टँजेन्शियल फोर्स. तेवढंच कामाचं. ५० न्यूटन-मीटर टॉर्क हवा असेल, तर २० सेंटिमीटरवर २५० न्यूटन, म्हणजे २५ किलो वजनाइतका जोर हवा.

पण जोर पान्याशी काटकोनात लावला तरच. हात तिरपा करून ३० अंशात ओढलं तर निम्माच जोर टँजेन्शियल राहतो. उरलेला भाग पान्याच्या लांबीच्या दिशेने जातो आणि पाना नटावरून निसटवायला मदत करतो. वर्कशॉपमध्ये बोटांची सालटी निघतात त्यातली बरीचशी या कोनामुळे. म्हणून वर्कशॉपमधले मामा पाना काटकोनात आल्याशिवाय जोर लावत नाहीत आणि शक्यतो ढकलण्याऐवजी स्वतःकडे ओढतात. त्यांनी 'साइन थीटा' लिहिलेला नसतो, पण तो त्यांच्या मनगटात असतो.

आता कुणी म्हणेल, टॉर्क रेंच कशाला, हाताला अंदाज येतोच की! तो अंदाज कुठे फसतो ते बघा. आपला हात नट लहान असो की मोठा, साधारण त्याच जोराने ओढतो. पण बोल्टला लागणारा टॉर्क ढोबळमानाने व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८.८ ग्रेडच्या एम६ ला जेमतेम १० न्यूटन-मीटर पुरतात, एम१० ला ५०, आणि एम२० ला ४४० च्या आसपास. म्हणजे १२-१३ सेंटिमीटरच्या पान्याने एम६ ला ८ किलोचा जोर पुरे. तिथे २५ किलो लावले की बोल्ट 'टक्' करून हातात येतो. उलट एम२० ला ३० सेंटिमीटरच्या पान्याने तेच २५ किलो लावले तर मिळतात ७५ न्यूटन-मीटर, म्हणजे गरजेच्या सहाव्या हिश्शाच्याही आसपास. हाताच्या अंदाजाने लहान बोल्ट तुटतात आणि मोठे ढिले राहतात. दोन्ही वेळेला आपल्याला मात्र 'मस्त टाईट झाला' असंच वाटत असतं.

आट्यांचा घाट

आता नटाच्या आत जाऊ. एक काटकोन त्रिकोणी कागद कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्याची तिरपी कड म्हणजे बोल्टचा आटा. आटा म्हणजे दुसरं काही नाही, खांबाभोवती गुंडाळलेला घाट! नट हा त्या घाटात चढणारा ट्रक आणि बोल्टमधला ताण हे त्या ट्रकचं वजन.

आपल्या एम१० चा घाट किती चढाचा आहे? आट्यांचा सरासरी व्यास ९.०३ मिलिमीटर. म्हणजे एका फेरीत साधारण २८.४ मिलिमीटर चालायचं आणि दीड मिलिमीटर चढायचं. कोन येतो जेमतेम ३ अंश. इतका सौम्य चढ! म्हणून तर २५ किलोच्या हाताने बोल्टमध्ये अडीच टनाचा ताण निर्माण होतो.

अडीच टन हा आकडा कुठून आला? या बोल्टचं ताणासाठी धरायचं क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर. ८.८ ग्रेडचा या मापाचा बोल्ट कायमचा न लांबता ५८० मेगापास्कलपर्यंत घेतो, म्हणजे सुमारे ३३,६०० न्यूटन. याला प्रूफ लोड म्हणतात. आवळताना त्याच्या तीन-चतुर्थांश ताण द्यावा असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून आपलं लक्ष्य २५,००० न्यूटन, म्हणजेच अडीच टन.

या ताणाने बोल्ट लांबतो किती? पकडीतली लांबी ५० मिलिमीटर असेल, तर फक्त एक-दशांश मिलिमीटर, म्हणजे जर्नलच्या एका पानाच्या जाडीइतका! नट-बोल्टचं सगळं काम या एका पानाएवढ्या लांबण्यावर चालतं. बोल्ट ही खिळ्यासारखी निर्जीव वस्तू नाही, ती एक अतिशय कडक स्प्रिंग आहे. नट आवळणं म्हणजे ही स्प्रिंग ताणून ठेवणं.

शंभर रुपयांचा जमाखर्च

घाटात घर्षण नसतं तर ३ अंशाच्या चढावर २५,००० न्यूटनचं 'वजन' चढवायला आट्यांवर सुमारे १,३२० न्यूटनचा टँजेन्शियल फोर्स पुरला असता. त्रिज्या साडेचार मिलिमीटर, म्हणजे टॉर्क झाला फक्त ६ न्यूटन-मीटर. पण आपण तर ५० देतोय. मग बाकीचे ४४ गेले कुठे?

घर्षणाचा गुणांक ०.१५ धरू, साध्या, तेल न लावलेल्या बोल्टला हा आकडा चालतो. आट्यांच्या बाजू ६० अंशांत असल्यामुळे पाचरीसारखा परिणाम होतो आणि आट्यांपुरता तो गुणांक वाढून ०.१७३ होतो. हे घर्षण ओलांडून चढायचं तर आट्यांवर १,३२० नव्हे, सुमारे ५,७०० न्यूटनचा टँजेन्शियल फोर्स लागतो. टॉर्कच्या भाषेत ६ चे २६ न्यूटन-मीटर झाले, म्हणजे आट्यांच्या घर्षणाने २० खाल्ले. शिवाय नटाची बूड वॉशरवर घासते. ते घासणं साडेसहा मिलिमीटरच्या सरासरी त्रिज्येवर होतं, तिथे गेले आणखी २४. एकूण ५०. हिशोब जुळला!

होस्टेलच्या भाषेत सांगायचं तर घरून शंभर रुपये आले. ४८ रुपये मेसवाल्याने घेतले, ४० रुपये कँटीनच्या उधारीत गेले आणि हातात उरले १२. बोल्टला ताणायला पोचतात ते हे १२ रुपये.

तेलाचा एक थेंब

आता या जमाखर्चात धोका कुठे आहे पाहा. शंभरातले ८८ रुपये घर्षणाकडे जातात. घर्षण थोडंसं बदललं तर हातातले १२ रुपये प्रचंड बदलतात.

समजा, कुणीतरी प्रेमाने आट्यांना आणि नटाच्या बुडाला तेल लावलं. गुणांक ०.१५ वरून ०.१० वर आला. टॉर्क रेंच तोच, सेटिंग तेच, ५० न्यूटन-मीटरलाच 'क्लिक्' झालं. पण ताण आता २५,००० नाही, ३५,३०० न्यूटन झाला! प्रूफ लोड होता ३३,६००. बोल्ट कायमचा लांबण्याच्या हद्दीत गेला आणि रेंचला पत्ताही नाही. तेल लावलेल्या या बोल्टला ३५ न्यूटन-मीटरच पुरे होते.

उलट गंजलेले, माती भरलेले आटे घ्या. गुणांक ०.२५ धरला तर त्याच ५० न्यूटन-मीटरला ताण येतो साधारण १५,७०० न्यूटन. रेंच म्हणतोय 'झालं', हात म्हणतोय 'झालं', आणि जोड अर्धामुर्धा ढिलाच.

पुस्तकात टॉर्कचं सोपं सूत्र असतं : टॉर्क बरोबर के गुणिले ताण गुणिले व्यास. त्यातला के सरसकट ०.२ घेऊन आपण गणित सोडवतो आणि मार्क मिळवतो. हा 'के' म्हणजे काही निसर्गाचा नियम नाही. वर केलेला सगळा घर्षणाचा जमाखर्च त्या एका अक्षरात कोंबलेला आहे. पृष्ठभाग बदलला की के बदलतो. म्हणूनच उत्तम टॉर्क रेंच वापरूनही प्रत्यक्ष ताणात साधारण २५ ते ३० टक्के इकडेतिकडे होतंच, असं डिझाइन करणारे धरून चालतात.

पण ताण हवाच कशाला?

बोल्ट तुटला नाही, नट पडला नाही, मग थोडा ढिला राहिला तर बिघडलं कुठे? इथेच खरी मेख आहे.

दोन प्लेटा २५,००० न्यूटनने एकमेकींवर दाबलेल्या आहेत. आता बाहेरून १०,००० न्यूटनचं बल त्यांना वेगळं करू पाहतंय, आणि तेही वारंवार, यंत्राच्या प्रत्येक फेरीला. प्लेटांचा ताठपणा बोल्टच्या चौपट असेल, तर बोल्टच्या वाट्याला या १०,००० पैकी फक्त २,००० येतात. बाकीच्या ८,००० नी प्लेटांमधला दाब तेवढा कमी होतो, बस्स. बोल्टला दर फेरीला २५ ते २७ हजार एवढाच चढउतार जाणवतो. नट ढिला असेल तर? प्लेटा दाबलेल्याच नाहीत. सगळेच्या सगळे १०,००० बोल्टवर. शून्य ते दहा हजार, पुन्हा शून्य. फटीग शिकलेल्यांना पुढे काय होतं ते सांगायला नको. जास्त ताणलेला बोल्ट टिकतो आणि 'आरामात' ठेवलेला बोल्ट तुटतो, हे ऐकायला उलटं वाटतं, पण कारण हे आहे.

दुसरं कारण त्याहून मजेशीर आहे. आपण हिशोबात ६ न्यूटन-मीटर बोल्ट ताणायला खर्च केले होते, आठवतात? ते कुठे गेलेले नाहीत. ताणलेला बोल्ट नटाला त्या ३ अंशाच्या उतारावरून खाली ढकलत असतो. तेच ६ न्यूटन-मीटर, उलट्या दिशेने, दिवसरात्र. घर्षण त्याला रोखून धरतं म्हणून नट जागेवर राहतो; घाटात हँडब्रेक लावून उभ्या केलेल्या ट्रकसारखा. आपला एम१० सोडवायचा तर ५० ऐवजी ३८ च न्यूटन-मीटर लागतात, कारण उतार आपल्या बाजूने असतो. आतापर्यंत आपण घर्षणाला खादाड म्हणत होतो. पण तो नसता तर हात काढताक्षणी नट गरगर फिरून बाहेर आला असता. चढताना खातो, पण उतारावर पहारा देतो!

हा पहारेकरी झोपतो कधी? गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये याचं उत्तर प्रयोगाने दाखवलं. प्लेटा एकमेकींवर आडव्या, म्हणजे बोल्टच्या काटकोनात, मागेपुढे सरकायला लागल्या की आटे आणि नटाची बूडही घसरू लागतात. घर्षण एका वेळी एकाच दिशेला विरोध करतं. ते आडव्या घसरण्यात गुंतलं की फिरण्याच्या दिशेला रोखायला कुणी उरत नाही, आणि ते ६ न्यूटन-मीटर नटाला थोडं थोडं उलट फिरवत राहतात. उपाय? प्लेटा घसरूच द्यायच्या नाहीत. त्यासाठी काय हवं? पुरेसा ताण! फिरून फिरून गाडी तिथेच येते.

आणि स्प्रिंग वॉशर? आपण तो मोठ्या विश्वासाने घालतो. पण पूर्ण आवळल्यावर तो चपटा होतो आणि साध्या वॉशरसारखाच वागतो. नासाच्या १९९० च्या फास्टनर डिझाइन मॅन्युअलमध्येही लॉकिंगसाठी त्याचा उपयोग नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. ताण कमी पडला तर वॉशर तो भरून देत नाही.

ढिल्या नटाची किंमत किती असू शकते? १० मे २००२ रोजी इंग्लंडमध्ये, लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बार स्टेशनाजवळ भरधाव प्रवासी गाडीचा शेवटचा डबा रुळांवरून घसरला आणि ७ जण मृत्युमुखी पडले. तपासात निघालं की तिथल्या पॉइंट्सचे, म्हणजे रूळ बदलणाऱ्या सांध्याचे, स्ट्रेचर बार धरून ठेवणारे नट जागेवर नव्हते. एका मुठीत मावतील एवढे नट!

मग करायचं काय?

होस्टेल आणि वर्कशॉपमध्ये उपयोगी पडतील अशा काही गोष्टी :

१. आटे आधी स्वच्छ करा. नट हाताने शेवटपर्यंत सहज फिरला पाहिजे. हाताने फिरत नसेल तर पाना त्याचा इलाज नाही.

२. मॅन्युअलमधला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, ते वाचा. वेगळं काही लिहिलं नसेल तर मनाने तेल-ग्रीस लावू नका. विशेषतः गाडीच्या चाकांच्या नटांना.

३. पान्यात पाइप घालून आवळू नका. पान्याची लांबी त्या मापाच्या नटाला साजेशी ठेवलेली असते. ५० सेंटिमीटरच्या पाइपने एम१० चे ५० न्यूटन-मीटर १० किलोच्या जोराने होतात. हाताला काही कळायच्या आत आटे गेलेले असतात. इंजिनचा ऑइल ड्रेन प्लग आणि स्पार्क प्लग यांच्या बाबतीत तर हे हमखास होतं, कारण समोरचे आटे बहुधा ॲल्युमिनियमचे असतात.

४. टॉर्क रेंच हँडलच्या मधोमध धरा, सावकाश आणि काटकोनात ओढा, 'क्लिक्' झालं की थांबा. खात्रीसाठी आणखी दोनदा क्लिक् करण्याची सवय मोडा. काम झालं की सेटिंग सर्वांत खाली आणून रेंच ठेवा. आणि त्याने गंजलेले नट सोडवू नका, ते मापाचं उपकरण आहे.

५. चाकाचे किंवा फ्लँजचे नट ओळीने नाही, समोरासमोर आवळा, आणि दोन-तीन टप्प्यांत. एक पूर्ण आवळला की शेजारचा ढिला होतो, म्हणून शेवटी एक फेरी पुन्हा.

६. इंजिनच्या हेड बोल्टसाठी बऱ्याच मॅन्युअलमध्ये 'इतका टॉर्क, मग ९० अंश' असं असतं. त्यामागचं कारण आता तुम्हीच सांगू शकाल. प्लेटा टेकल्यावर नट किती अंश फिरला यावरून बोल्ट किती लांबला ते ठरतं. तिथे घर्षणाचा हात जवळजवळ पोचत नाही. असे बोल्ट पुष्कळदा एकदाच वापरायचे असतात, जुने परत घालू नका.

७. प्रत्येक बोल्ट ताणासाठी नसतो. खोलीतल्या सीलिंग फॅनचा वरचा बोल्ट हा पिनसारखा काम करतो. तिथे नट कितीही पिळला तरी खरी सुरक्षा नटामागच्या स्प्लिट पिनेची. ती नसेल तर रेक्टर सरांकडे आजच तक्रार लिहा. टॉर्कची चर्चा नंतर करू.

आपल्याकडे म्हणतात, तुटेपर्यंत ताणू नये. नट-बोल्टच्या बाबतीत त्याला एक पुरवणी जोडायला हवी : ताणावं मात्र जरूर! किती ताणायचं, याचं उत्तर पान्यात नाही, मनगटात नाही, आणि एकट्या टॉर्कच्या आकड्यातही नाही. ते बोल्टचा ग्रेड, आट्यांची स्थिती आणि जोडावर येणारं बल या तिघांना विचारूनच मिळतं. एक्स्टर्नलनी पुढच्या वेळी विचारलं तर खुशाल उलट विचारा, "सर, आटे कोरडे आहेत की तेल लावलंय?" मार्क वाढतील का, याची हमी देता येत नाही, पण सर क्षणभर थांबतील हे नक्की.